वाचकांचे प्रश्न : एग बॉयलर आणि त्यातले मापाचे पाणी

हिवाळ्यातील न्याहारीविषयी या सदरात लिहिले, तेव्हा विजेवर अंडी उकडण्याच्या भांड्याचा उल्लेख मी अवघ्या दोन ओळींत केला होता. त्यावर इतकी पत्रे आली की हा संपूर्ण अंक त्यांनाच द्यावा असे ठरवले. बाजारात या भांड्याला कोणी एग बॉयलर म्हणतात, कोणी एग कुकर. खाली तापणारी धातूची लहान तबकडी, तिच्यावर अंडी उभी ठेवण्यासाठी भोकांची जाळी, वर पारदर्शक झाकण, झाकणाला वाफ जाण्यासाठी एक छिद्र, आणि सोबत रेघा आखलेला एक मापाचा पेला, एवढीच त्याची रचना असते. पत्रे वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. बहुतेक तक्रारींचे मूळ त्या पेल्यात आहे, आणि नेमका तोच पेला आपण सर्वांत कमी लक्ष देऊन भरतो.

प्रश्न : आमच्या भांड्याच्या पेल्यावर सहा अंड्यांसाठी खालची रेघ आहे आणि एका अंड्यासाठी तिच्या बरीच वर. अंडी जास्त तर पाणी जास्त हवे, म्हणून छपाईच चुकली असावी असे समजून मी उलटे पाणी घालत राहिलो. एकट्यासाठी लावलेले अंडे आतून पातळ निघते आणि सहा लावली की ती चिवट होतात. भांडे सदोष आहे काय? (निवृत्त शिक्षक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : भांडे निर्दोष आहे आणि छपाईही बरोबर आहे. आपली शंका मात्र अगदी स्वाभाविक आहे. पातेल्यात अंडी उकडताना ती बुडतील एवढे पाणी घेण्याची आपल्याला सवय असते, त्यामुळे अंडी वाढली की पाणी वाढते हे डोक्यात पक्के बसलेले असते. या भांड्यात अंडी पाण्याला स्पर्शही करत नाहीत. ती वाफेवर शिजतात. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की या भांड्याला वेळ मोजता येत नाही. तबकडीवरचे पाणी उकळत असते तोवर तबकडीचे तापमान फारसे वर जात नाही. पाणी संपले की ते झपाट्याने वाढते, आणि ती वाढ ओळखून आतील थर्मोस्टॅट वीज तोडतो किंवा घंटी वाजवतो. म्हणजे पाणी किती वेळ टिकले, तेवढा वेळ अंडी शिजली. पेल्यात घातलेले पाणी हेच या भांड्याचे घड्याळ आहे.

आता कमी अंड्यांना जास्त पाणी का, ते पाहू. यासाठी एकदा भांडे ओट्याच्या कडेला ठेवून झाकणातून आत पाहत बसावे, अशी माझी मनापासून सूचना आहे. सुरुवातीला काही दिसत नाही. मग तबकडीवर बारीक बुडबुडे येतात, झाकण धुरकट होते, आणि थोड्याच वेळात अंड्यांच्या अंगावर घाम फुटावा तसे थेंब जमू लागतात. ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, कवचावरून घरंगळत जाळीच्या भोकातून खाली पडतात आणि तबकडीवर चर्र असा आवाज होतो. हे थेंब म्हणजे गार अंड्यावर आदळून पुन्हा पाणी झालेली वाफ. ती खाली पडते, पुन्हा उकळते, पुन्हा वर जाते. जितकी अंडी जास्त, तितकी वाफ जास्त परत येते आणि तेच पाणी अधिक वेळ पुरते. अंडे एकच असेल तर वाफेला थांबवणारे फारसे कोणी नसते. ती झाकणाच्या छिद्रातून सरळ निघून जाते आणि पाणी लवकर संपते. हा फरक भरून काढण्यासाठी एका अंड्याची रेघ वर काढलेली असते.

आपण शिक्षक आहात, म्हणून थोडा हिशेबही मांडते. एक ग्रॅम पाणी उकळून त्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि ती वाफ पुन्हा पाणी होताना तेवढीच उष्णता परत देते. मराठी पुस्तकांत हिला अप्रकट उष्मा म्हणतात, आपल्या इकडच्या हिंदी शाळांत गुप्त ऊष्मा. पंचावन्न ग्रॅमचे एक अंडे ३० अंशांवरून ८५ अंशांपर्यंत तापवायचे तर अडीच हजार कॅलरींच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम वाफ त्या अंड्यावर पाणी होऊन खाली येते. सहा अंडी असतील तर सत्तावीस ग्रॅम. ३६० वॅटच्या तबकडीला एवढे पाणी पुन्हा उकळून उडवायला सुमारे पावणेतीन मिनिटे लागतात. अंड्यांच्या बाबतीत पावणेतीन मिनिटे म्हणजे ओघळणाऱ्या बलकापासून घट्ट बलकापर्यंतचे अंतर होय. आपण रेघा उलट्या धरल्या, तेव्हा एका अंड्याला मिळायचा वेळ कमी झाला आणि सहा अंड्यांना दोन्हीकडून वाढला. आपल्या दोन्ही तक्रारींचे कारण हे एकच आहे.

पेला भरताना तो हातात तिरका न धरता ओट्यावर ठेवावा आणि डोळे रेघेच्या पातळीला आणून पाहावे. पेला लहान असल्यामुळे चहाच्या चमच्याभर पाण्याची चूकही अर्ध्या मिनिटाहून अधिक फरक पाडते. एका भांड्याचा पेला दुसऱ्या भांड्याला वापरू नये, कारण तबकडीची शक्ती आणि झाकणाचे छिद्र जसे असेल तशा रेघा आखलेल्या असतात. पेला हरवला असेल तर औषधाच्या मापाने मिलिलिटर मोजून दोन-तीन वेळा प्रयोग करावा आणि जमलेले माप कागदावर लिहून भांड्याच्या बुडाला चिकटवून ठेवावे.

प्रश्न : माझ्याकडे आणि इंदूरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे एकाच बनावटीचे एग बॉयलर आहे. दोघीही मधल्या रेघेपर्यंत पाणी घालतो. माझ्याकडे बलक नीट बसतो, तिच्याकडे मधोमध ओला राहतो. भाऊजी म्हणतात की इंदूर उंचावर आहे म्हणून असे होते. हे खरे आहे का? (गृहिणी, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : आपल्या भाऊजींचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्याने एवढा मोठा फरक पडणार नाही. समुद्रसपाटीपासून वर जाऊ तसतसे हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, असा ढोबळ हिशेब आहे. वडोदरा जवळजवळ सखल प्रदेशात आहे, तर इंदूर माळव्याच्या पठारावर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. त्यामुळे आपल्याकडे वाफ १०० अंशांच्या लगत असते आणि बहिणीकडे ९८ च्या आसपास. अंड्याचा पांढरा भाग साठ-बासष्ट अंशांना थिजू लागतो आणि बलक पासष्टच्या पुढे दाट होत सत्तरच्या सुमारास घट्ट बसतो. म्हणजे दोन्ही गावांतली वाफ त्याच्या बरीच वर आहे. दोन अंशांच्या फरकाने पाच-सहा मिनिटांत फार तर वीस-पंचवीस सेकंद कमीजास्त होतील.

बहिणीला आधी हे विचारावे की ती अंडी कोठे ठेवते. आपण बाहेर टोपलीत ठेवत असाल आणि ती फ्रिजमधून काढून थेट भांड्यात मांडत असेल, तर उत्तर सापडले असे समजावे. पाच अंशांवरचे अंडे आणि तीस अंशांवरचे अंडे यांचा बलक सारखाच शिजवायचा तर गार अंड्याला जवळजवळ दीडपट वेळ लागतो. गार अंड्यावर वाफ अधिक जमते, ती खाली येऊन पाणी थोडे जास्त टिकते, त्यामुळे भांडे स्वतःहून थोडी भरपाई करते. पण ती पुरेशी नसते. उष्णता कवचापासून बलकाच्या मध्यापर्यंत आपल्या गतीनेच पोहोचते आणि तिला घाई करता येत नाही. फ्रिजमधील अंडी वीस-पंचवीस मिनिटे आधी बाहेर काढून ठेवावीत. इंदूरच्या जानेवारीत तर स्वयंपाकघरातली अंडीही सकाळी बरीच गार असतात, तेव्हा त्या दिवसांत पाणी किंचित जास्त घ्यावे.

दुसरी शक्यता आकाराची. अंडी डझनावर मिळतात, वजनावर नाहीत, त्यामुळे एकाच ट्रेमध्ये पंचेचाळीस ग्रॅमचे आणि साठ ग्रॅमचे अंडे शेजारी शेजारी असते. मोठ्या अंड्याला लहानापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने अधिक वेळ लागतो. एका वेळी सारख्या आकाराची अंडी निवडून लावली तर हा घोळ टळतो. तिसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि तिचा परिणाम अपेक्षेच्या उलट होतो. विजेचा दाब २३० वरून १९० वर आला की तबकडीची शक्ती एक तृतीयांशाने घटते. पाणी सावकाश उडते, भांडे अधिक वेळ चालते आणि अंडी कच्ची राहण्याऐवजी जास्त शिजतात. बहिणीकडे बलक ओला राहतो आहे, तेव्हा व्होल्टेजला दोष देता येणार नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेले भांडे सुरुवातीला उत्तम चालत असे. आता तबकडीवर पांढरट-तपकिरी थर बसला आहे, आणि तेवढेच पाणी घालूनही भांडे लवकर बंद पडते व अंडी कच्ची राहतात. आमच्याकडे बोअरिंगचे पाणी आहे. नवीन भांडे घ्यावे का? (स्कीम नंबर ७८, इंदूर)

उत्तर : नवीन भांडे घेण्याची घाई करू नये. हा थर क्षारांचा आहे. पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तबकडीवरच राहतात. पितळी बंबात किंवा गिझरमध्ये जो खर बसतो तोच हा. या भांड्यात प्रत्येक वेळी पाणी पूर्ण आटवले जाते, त्यामुळे पातेल्यापेक्षा येथे थर लवकर चढतो. इंदूरला १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी आले, तरी अनेक वसाहतींत आजही बोअरिंगच्या पाण्यावरच भागवावे लागते, आणि ते पाणी सहसा अधिक जड असते.

भांडे लवकर बंद पडण्याचे कारणही तोच थर आहे. क्षारांतून उष्णता सहज पार होत नाही. पाणी शिल्लक असतानाच खालची तबकडी अति तापते, थर्मोस्टॅटला वाटते की पाणी संपले, आणि तो वीज तोडतो. उरलेले पाणी तबकडीवर तसेच दिसत असेल, तर हेच निदान नक्की समजावे.

उपाय सोपा आहे. प्लग काढून भांडे पूर्ण गार होऊ द्यावे. मग तबकडीवर पोह्याच्या चमच्याने एक चमचा पांढरे व्हिनेगर आणि दोन-तीन चमचे कोमट पाणी घालावे, किंवा कोमट पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून ते घालावे. थर खरोखर क्षारांचा असेल तर काठाकाठाने बारीक फेस उठताना दिसतो. आम्ल क्षारांना विरघळवत असल्याची ती खूण आहे. वीस मिनिटांनी मऊ ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. जुना थर एका वेळेत जात नाही, दोन-तीनदा करावे लागते. तारेची घासणी किंवा चाकूचे टोक लावू नये, कारण एकदा ओरखडे पडले की पुढचा थर त्यांत अधिक घट्ट बसतो. आणि काहीही झाले तरी भांड्याचा खालचा भाग नळाखाली धरू नये. त्यात विजेची जोडणी असते. तपकिरी डाग बहुधा फुटलेल्या अंड्यातून ओघळून करपलेल्या पांढऱ्याचे असतात, तेही याच उपायाने निघतात. यापुढे पिण्याचे गाळलेले आर.ओ.चे पाणी वापरावे. एका वेळेला फुलपात्रभरसुद्धा लागत नाही.

प्रश्न : आमच्या सासूबाई अंडी खात नाहीत आणि स्वयंपाकघरात ती शिजवलेली त्यांना चालत नाहीत. मुलांना डॉक्टरांनी अंडी सांगितली आहेत. एग बॉयलर मागच्या गॅलरीत ठेवला तर चालेल का? वासाचे काय करावे? सासूबाईंना त्रास व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. इंदूरच्या अनेक मराठी घरांत हा प्रश्न आहे आणि तो असाच आदराने सोडवला गेला पाहिजे. माझ्या मते या भांड्याचा सर्वांत चांगला उपयोग अशाच घरात होतो, कारण त्याला गॅसची शेगडी लागत नाही, घरातले पातेले लागत नाही, आणि त्याची जाळी, झाकण, पेला सगळे वेगळे ठेवता येते. अंडी सोलण्यासाठी एक ताटली आणि गार पाण्यासाठी एक वाडगा तेवढा त्याच्यासोबत वेगळा ठेवावा.

गॅलरीत ठेवण्यास हरकत नाही, मात्र पावसाची झड येत नाही असा कोपरा पाहावा. प्लग तीन पिनांचा असेल तर त्याला अर्थिंग असलेलाच सॉकेट हवा. तिसरी पिन मोडून किंवा दोन पिनांच्या जोडणीत कसेबसे बसवून वापरणे धोक्याचे आहे, कारण येथे पाणी आणि वीज एकमेकांच्या अगदी जवळ असतात. झाकणाच्या छिद्रातून येणारी वाफ भाजते, म्हणून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर भांडे ठेवावे, पण लाकडी फळीच्या लगेच खाली ठेवू नये. विजेचा खर्च नगण्य आहे. ३६० वॅटचे भांडे बारा मिनिटे चालले तर ०.०७ युनिट वीज लागते, म्हणजे एका युनिटमध्ये चौदा वेळा अंडी होतात.

वासाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण त्यावर उपाय आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिनांत गंधक असते. अंडे गरजेपेक्षा जास्त वेळ तापले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटू लागतो, आणि उकडलेल्या अंड्याचा जो उग्र वास आपण ओळखतो तो मुख्यतः याचाच. हाच वायू आत बलकापर्यंत पोहोचला की तेथील लोहाशी त्याचा संयोग होतो आणि बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसते. ते कडे अपायकारक नसते, पण अंडे जास्त शिजल्याची ती पावती असते. म्हणून कडे दिसत असेल तर पाणी चमचा-चमचा कमी करत जावे. ज्या मापाला बलक घट्ट बसतो आणि कडे दिसत नाही, त्या मापाला वासही सर्वांत कमी येतो. घंटी वाजताच झाकण काढून अंडी गार पाण्यात टाकावीत; झाकण तसेच ठेवले तर आतल्या वाफेत अंडी पुढेही शिजत राहतात. टरफले कागदात गुंडाळून लगेच बाहेरच्या कचऱ्यात टाकावीत आणि झाकण व जाळी साबणाने धुऊन पुसून ठेवावीत. श्रावणात किंवा चातुर्मासात आपल्याकडे अंडी बंद असतील, तर भांडे कोरडे करून झाकण थोडे उघडे ठेवून बांधावे, म्हणजे आत दमट वास धरत नाही.

प्रश्न : गावाकडून आलेली अगदी ताजी अंडी लावली की कवचाला अर्धे अंडे चिकटून येते. दुकानातली अंडी मात्र स्वच्छ सोलली जातात. ताजे अंडे तर चांगले असायला हवे ना? (महूजवळील वाचक)

उत्तर : ताजे अंडे चांगलेच असते, फक्त ते सोलायला अवघड असते. अंडे घातल्यापासून त्याच्या कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडतो आणि आतला पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होत जातो. ताज्या अंड्यात तो कवचाखालच्या पापुद्र्याला घट्ट धरून असतो. काही दिवसांनी ही पकड सैल होते. सोबतच अंड्यातील ओलावा कमी होऊन रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि तेथूनच सोलायला सुरुवात करणे सोपे जाते. म्हणून गावची अंडी आठवडाभर ठेवून मग उकडावीत, ताजी अंडी आम्लेट-भुर्जीसाठी वापरावीत. अंडे किती जुने आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर ते पाण्यात सोडावे : ताजे अंडे तळाशी आडवे बसते, जुने होत गेलेले टोकावर उभे राहते.

उकडल्यानंतर गार पाण्यात टाकण्याचा उपयोग सोलण्यासाठीही होतो, पण पाणी खरोखर गार हवे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे नळाचे पाणी हाताला चटका देते. त्यात अंडी टाकून काही साधत नाही. त्या दिवसांत माठातले पाणी घ्यावे आणि अंडी निदान दहा मिनिटे त्यात राहू द्यावीत. मग रुंद टोकाकडून तडा देऊन, अंडे पाण्यात धरूनच सोलावे. पाणी पापुद्र्याखाली शिरते आणि कवच मोठ्या तुकड्यांनी सुटते.

प्रश्न : पेल्याच्या बुडाशी असलेल्या सुईने अंडे टोचणे आवश्यक आहे का? टोचूनही एखादे फुटतेच. (वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : टोचणे उपयोगी आहे. रुंद टोकाकडच्या पोकळीतील हवा तापली की फुगते, आणि तिला वाट मिळाली नाही तर कवचाला तडा जाऊ शकतो. म्हणून रुंद टोक सुईवर सरळ दाबून एकच लहान छिद्र करावे आणि तेच टोक वर करून अंडे जाळीवर ठेवावे. निमुळते टोक टोचले तर पोकळी तेथे नसल्याने पांढरे बाहेर येते. टोचूनही फुटणारे अंडे बहुधा आधीच तडकलेले असते. दोन अंडी एकमेकांवर हलकेच वाजवून पाहावीत. अखंड अंड्याचा आवाज टणक येतो, तडकलेल्याचा बद्द. टोचलेले अंडे लगेच शिजवावे, पुन्हा ठेवून देऊ नये, आणि सुई प्रत्येक वेळी गरम साबणाच्या पाण्याने धुवावी. ती सुई फार टोकदार असते. पेला मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

प्रश्न : माझी सून गरोदर आहे. तिला मऊ बलकाचे अंडे आवडते. यात केलेले चालेल का? (राजवाडा परिसर, इंदूर)

उत्तर : या दिवसांत तिला मऊ बलकाचे अंडे देऊ नये. अंड्यात साल्मोनेला जंतू असण्याची शक्यता असते आणि बलक घट्ट होईपर्यंत, म्हणजे सत्तर अंशांच्या पुढे, शिजवल्यानेच ते मरतात. घट्ट अंड्याच्या रेघेपर्यंत पाणी घ्यावे आणि पहिल्यांदा एक अंडे कापून मध्य कोरडा आहे ना हे पाहावे. लहान मुले आणि वयोवृद्ध यांच्यासाठीही हाच नियम पाळावा. उकडलेली अंडी दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नयेत. फ्रिजमध्ये कवचासह ठेवली तर आठवडाभरात संपवावीत.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी भंवरकुआं भागात खोली घेऊन राहतो. सात अंड्यांचे भांडे आहे आणि सकाळी बारा अंडी लागतात. पहिली खेप झाल्यावर लगेच दुसरी लावली तर ती कधी कच्ची राहतात, कधी भांडे चालूच होत नाही. उकडलेली अंडी कापून पोळीत घालून आम्ही क्लासला घेऊन जातो, म्हणून वेळेचा प्रश्न आहे.

उत्तर : पहिली खेप संपते तेव्हा तबकडी अतिशय तापलेली असते, आणि थर्मोस्टॅटही. ती गार झाल्याशिवाय तो पुन्हा वीज जोडत नाही, म्हणून भांडे चालू होत नाही. आणि तापलेल्या तबकडीवर पाणी ओतले की त्यातले काही फसफसून क्षणात उडते. मापून घातलेले पाणी असे आधीच कमी झाले की अंडी तितकी कमी शिजतात. हातावर वाफ येण्याची भीती असते ती वेगळीच.

दोन खेपांत दहा मिनिटांचे अंतर ठेवावे, झाकण उघडे ठेवून तबकडी निवू द्यावी आणि मगच दुसऱ्यांदा पाणी मोजून घालावे. पहिल्या खेपेत सात आणि दुसऱ्या खेपेत पाच अंडी असतील, तर दुसऱ्या वेळी पेल्यावरील पाच अंड्यांची रेघ पाहावी, म्हणजे पाणी थोडे अधिक घ्यावे लागेल. दोन्ही वेळा सहा-सहा लावली तर एकच माप चालते आणि सकाळच्या गडबडीत चूक होत नाही. मात्र रोज बाराच अंडी लागत असतील आणि खोलीवर गॅस असेल, तर मी आपल्याला साध्या पातेल्याचाच सल्ला देईन. बाराही अंडी एका वेळी होतात. पाण्याला उकळी आल्यावर अंडी पळीने अलगद सोडावीत, दहा-अकरा मिनिटे घड्याळ लावावे, आणि त्या वेळात कोणी तरी एक जण पातेल्याजवळ थांबावे. ते शक्य नसेल आणि सगळेच आंघोळ-अभ्यासाच्या घाईत असतील, तर एग बॉयलरच बरा. अशा वेळी पहिली खेप उठल्याबरोबर लावावी आणि दुसरी आंघोळीनंतर.